जावातले एक्सेप्शन : नागपूरच्या माझ्या वर्गात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात, नंदनवनला घरीच संध्याकाळी जावा शिकवते. येणारी मुलं-मुली बहुतेक बीसीए, बीसीसीए आणि पॉलिटेक्निकची असतात. दोन-तीन जण नोकरी सांभाळून शिकणारे. लूप आणि अ‍ॅरेपर्यंत गाडी छान चालते, मग एक्सेप्शनचं प्रकरण निघतं आणि वर्ग एकदम गप्प होतो. दरवर्षी तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे. जावाचे शब्द इथे उच्चाराप्रमाणे दिलेत. एडिटरमध्ये ते इंग्रजी स्पेलिंगनेच टाइप करायचे.

एक्सेप्शन म्हणजे नेमकं काय?

प्रोग्राम चालू असताना एखादी ओळ आपलं काम पूर्ण करू शकली नाही, की जावा त्या घटनेचं एक ऑब्जेक्ट तयार करतं. काय बिघडलं, कोणत्या ओळीवर बिघडलं आणि तिथपर्यंत कोणकोणत्या मेथडमधून आलो, हे सगळं त्यात भरलेलं असतं. मग हे ऑब्जेक्ट फेकलं जातं. कोणी झेललं तर प्रोग्राम पुढे चालतो. कोणीच झेललं नाही तर तो तिथेच थांबतो आणि कन्सोलवर लाल अक्षरं उमटतात.

कळमना मार्केटमधल्या संत्र्यांचा हिशोब धरा. एकूण वजन भागिले पेट्यांची संख्या, म्हणजे एका पेटीचं सरासरी वजन. दोन्ही आकडे इंट (पूर्णांक) आहेत आणि कोणीतरी पेट्या शून्य टाकल्या. आता उत्तर काय द्यायचं? असं उत्तरच नाही. जावा मनाने काहीतरी आकडा देऊन मोकळं होत नाही, अरिथमेटिक एक्सेप्शन फेकतं. मला जावाची ही सवय फार आवडते. खोटं उत्तर देण्यापेक्षा ते काम थांबवून कारण सांगतं. हे एकदा मनात बसलं की लाल अक्षरांची भीती जाते.

कंपाईल एरर आणि एक्सेप्शन एकच का?

नाही. सेमीकोलन राहिला, स्पेलिंग चुकलं, तर प्रोग्राम सुरूच होत नाही. ती कंपाईल एरर. एक्सेप्शन येतं ते प्रोग्राम सुरू झाल्यावर, आणि तेही दर वेळी येईलच असं नाही. पेट्या दहा टाकल्या तर काही होत नाही, शून्य टाकल्या तरच येतं.

मॅडम, इतकी लाल अक्षरं येऊन राहिली, वाचू कुठून?

वरून. पहिल्या ओळीत एक्सेप्शनचं नाव असतं आणि कोलननंतर कारण. भागाकाराच्या उदाहरणात तिथे शून्याने भागल्याचं लिहिलेलं असतं. अ‍ॅरेची हद्द ओलांडली तर अलीकडच्या आवृत्त्या इंडेक्स ५ मागितला आणि लांबीही ५ आहे, इतकं स्वच्छ सांगतात. हे दिसलं की लूपची अट तपासा. जिथे फक्त 'लहान' हवं होतं तिथे 'लहान किंवा समान' लिहिलं गेलेलं असतं, कारण पाच घरांच्या अ‍ॅरेचं शेवटचं घर चौथ्या क्रमांकाचं असतं.

त्याखाली 'अ‍ॅट' ने सुरू होणाऱ्या ओळींची रांग लागते. तिला स्टॅक ट्रेस म्हणतात. सगळ्यात वरची ओळ म्हणजे प्रत्यक्ष जिथे बिघडलं ती जागा, आणि खाली जाल तसं कोणी कोणाला बोलावलं ते कळत जातं. तळाशी बहुतेक वेळा मेन असतो. वरच्या दोन-चार ओळी जावाच्या स्वतःच्या लायब्ररीतल्या असू शकतात. त्या पाहून गोंधळू नका. वरून खाली येताना तुमच्या क्लासचं नाव असलेली पहिली ओळ शोधा, तिच्या शेवटी ओळ क्रमांक दिलेला असतो. खाली कुठे 'कॉज्ड बाय' दिसलं तर मूळ कारण तिथे आहे. अशा ओळी एकाहून जास्त असल्या तर शेवटची वाचा.

माझ्या वर्गात एक नियम आहे. एक्सेप्शन आलं की मला हाक मारण्याआधी पहिली ओळ मोठ्याने वाचायची. निम्म्याहून जास्त मुलांना वाचता वाचताच चूक सापडते, मला जागेवरून उठावंही लागत नाही.

नल पॉइंटर एक्सेप्शन सारखं सारखं काहून येते?

कारण व्हेरिएबल तर केलं, पण त्यात ऑब्जेक्ट ठेवलंच नाही. विद्यार्थ्यांचा अ‍ॅरे बनवला, पन्नास घरं तयार झाली, पण प्रत्येक घरात नल (म्हणजे काहीच नाही) आहे. प्रत्येक घरासाठी न्यू वापरून विद्यार्थी बनवायचा राहिला आणि थेट त्याचं नाव विचारलं, की हे एक्सेप्शन ठरलेलं.

जावा १४ मध्ये, म्हणजे मार्च २०२० मध्ये, या एक्सेप्शनचा मजकूर सुधारला आणि जावा १५ पासून तो आपोआप दिसू लागला. आता नेमकं काय नल होतं ते संदेशातच येतं. कॉलेजच्या लॅबमध्ये जावा ८ असेल तर मात्र फक्त ओळ क्रमांक मिळतो. त्या ओळीत एकापुढे एक तीन-चार डॉट लावलेले असतील तर ओळ तोडून वेगवेगळ्या ओळी करा. कोणता डॉट फसला ते लगेच कळेल.

ट्राय-कॅचमध्ये प्रोग्राम नेमका कसा फिरतो?

फसू शकणाऱ्या ओळी ट्रायमध्ये लिहायच्या, आणि फसल्यावर काय करायचं ते त्याखालच्या कॅचमध्ये. समजा ट्रायमध्ये पाच ओळी आहेत आणि दुसरी फसली. तिसरी, चौथी, पाचवी चालतच नाहीत. थेट जुळणाऱ्या कॅचमध्ये उडी पडते, आणि कॅच संपलं की त्याच्या खालची ओळ. परत ट्रायमध्ये जाणं नाही. पुन्हा प्रयत्न करायचा असेल तर लूप तुम्हालाच लिहावं लागतं. ट्रायच्या महिरपी कंसात केलेलं व्हेरिएबल बाहेर दिसत नाही, म्हणून बाहेर लागणारं व्हेरिएबल आधी बाहेरच करून ठेवा.

सगळा मेनच ट्रायमध्ये टाकला आणि कॅच रिकामं ठेवलं तर? एररच दिसणार नाही!

दिसणार नाही, आणि दुखणं तिथूनच सुरू होतं. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. शिकवायला लागण्याआधी मी इतवारीतल्या एका दुकानासाठी बिलाचा छोटा प्रोग्राम लिहिला होता. बिल फाइलमध्ये साठवताना कधीमधी एक्सेप्शन यायचं. सबमिशनच्या घाईत लागलेल्या सवयीने मी तिथे रिकामं कॅच लिहून मोकळी झाले. स्क्रीनवर 'बिल जतन झाले' असं यायचं, आणि फाइलमध्ये काहीच नसायचं. आठ दिवसांनी दुकानदार काकांनी वही आणि कॉम्प्युटर ताडून पाहिलं तेव्हा कितीतरी बिलं गायब होती. काका रागावले नाहीत. 'बाई, मशीनने तेव्हाच सांगितलं असतं तर मी वहीत लिहिलं असतं ना,' एवढंच म्हणाले. मशीन सांगतच होतं. मीच त्याचं तोंड बंद केलं होतं.

म्हणून रिकामं कॅच माझ्या वर्गात चालत नाही. निदान प्रिंटस्टॅकट्रेस (स्टॅक ट्रेस छापणारी मेथड) तरी लिहा. आणि वापरणाऱ्याला काम झालं नाही हे समजेल अशा शब्दांत सांगा.

मेनमधलं सगळं एका ट्रायमध्ये कोंबू नका, हेही त्यातलंच. जी ओळ फसू शकते आणि फसल्यावर काय करायचं हे तुम्हाला माहीत आहे, तेवढीच ट्रायमध्ये घ्या. नुसतं 'एक्सेप्शन' झेललं तर पेटी शून्य असणं, फाइल नसणं आणि तुमची स्वतःची लूपमधली चूक, सगळं एकाच पोत्यात जातं. मग कोणाला काय उत्तर द्यायचं तेच ठरवता येत नाही.

एकाखाली एक दोन-तीन कॅच लिहिले तर क्रम महत्त्वाचा आहे का?

आहे. जावा वरून खाली पाहतं आणि पहिलं जुळणारं कॅच घेतं. फाइल-नॉट-फाउंड (फाइल सापडली नाही) हे आयओ एक्सेप्शनचंच (वाचण्या-लिहिण्यातली अडचण) एक रूप, म्हणून ते आधी आणि आयओ एक्सेप्शन नंतर. उलट लिहिलंत तर प्रोग्राम कंपाईलच होणार नाही. दोन वेगळ्या एक्सेप्शनना उत्तर एकच द्यायचं असेल तर जावा ७ पासून एकाच कॅचमध्ये उभी रेघ देऊन दोन्ही नावं लिहिता येतात.

चेक्ड आणि अनचेक्डमधला फरक पाठ होतो, पण समजत नाही.

तुम्हाला पुण्याला जायचं आहे. तिकीट वेटिंगवर राहिलं, पावसाने गाडी अडली, हे तुमच्या हातात नाही. पण असं होऊ शकतं हे आधीपासून माहीत आहे, म्हणून सोय करूनच निघावं लागतं. हे चेक्ड. फाइल नसणं किंवा डेटाबेसशी जोडणी तुटणं या जातीचं. इथे कंपाईलरच अडवतो. एक तर झेला, नाही तर मेथडच्या पाटीवर थ्रोज लिहून पुढच्याला कळवा, त्याशिवाय तो पुढे जाऊ देत नाही.

आता गाडी अजनीहून सुटणार आहे आणि तुम्ही मुख्य स्टेशनवर उभे आहात. ही तुमची चूक. हिच्यावर उपाय एकच, निघण्याआधी तिकीट नीट वाचणं. हे अनचेक्ड. नल पॉइंटर, अ‍ॅरेची हद्द ओलांडणं, शून्याने भागणं, चुकीचं कास्टिंग हे सगळे रनटाइम एक्सेप्शनच्या घरातले. कंपाईलर यांच्यासाठी अडवत नाही. यांना झेलत बसण्यापेक्षा कोड दुरुस्त करा. भागण्याआधी पेट्या शून्य आहेत का ते इफने तपासलं तर ट्रायची गरजच पडत नाही.

वंशावळ लक्षात ठेवायची तर वर थ्रोएबल, त्याच्या दोन शाखा एरर आणि एक्सेप्शन, आणि एक्सेप्शनची एक शाखा रनटाइम एक्सेप्शन. मेमरी संपणं किंवा स्टॅक ओव्हरफ्लो हे एररमध्ये येतात. स्टॅक ओव्हरफ्लो दिसला तर रिकर्जन (मेथडने स्वतःलाच बोलावणं) थांबण्याची अट विसरली आहे का ते आधी पाहा.

थ्रो आणि थ्रोज?

थ्रो मेथडच्या पोटात, प्रत्यक्ष फेकताना, एका ऑब्जेक्टसह. थ्रोज मेथडच्या पहिल्या ओळीत, 'माझ्याकडून हे येऊ शकतं' असा इशारा म्हणून, आणि तिथे एकाहून जास्त नावं चालतात.

स्कॅनरने आकडा विचारला, चुकून अक्षर टाकलं, आणि संदेश थांबतच नाही!

हा प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी घाबरून फोनवर विचारतं. स्क्रीनवर 'कृपया आकडा टाका' धबधब्यासारखं वाहत असतं.

काय होतं ते सावकाश बघा. स्कॅनरचं नेक्स्टइंट पुढ्यात आलेला शब्द पाहतं. तो आकडा नसेल तर इनपुट-मिसमॅच एक्सेप्शन फेकतं, पण तो शब्द उचलत नाही, तिथेच राहू देतं. तुम्ही कॅचमध्ये संदेश छापला, लूप परत वर गेलं, नेक्स्टइंटसमोर पुन्हा तोच शब्द. पुन्हा एक्सेप्शन, पुन्हा संदेश. तुम्हाला नवीन काही टाइप करायची संधीच मिळत नाही. उपाय एका ओळीचा आहे. कॅचमध्ये नेक्स्टलाइन बोलवा आणि तो अडकलेला मजकूर उचलून टाका.

मी मात्र मुलांना वेगळी सवय लावते. वापरणाऱ्याकडून नेहमी पूर्ण ओळ नेक्स्टलाइनने घ्यायची आणि मग इंटिजरच्या पार्सइंटने तिचा आकडा करायचा. ओळ आधीच उचललेली असल्यामुळे हा फेरा पडत नाही. नेक्स्टइंटनंतरचं नेक्स्टलाइन रिकामं येतं ही तक्रारही यातच मिटते.

दिसायला आकडाच आहे, तरी नंबर-फॉरमॅट एक्सेप्शन का येतं?

पार्सइंट काटेकोर आहे. आकड्याच्या मागेपुढे एक स्पेस असली तरी नाही म्हणतं, म्हणून आधी ट्रिम करा, म्हणजे कडेच्या स्पेस काढा. '१,२००' मधला स्वल्पविराम चालत नाही, '१२.५' चालत नाही, रिकामी ओळही चालत नाही. मुलांना सगळ्यात जास्त चकवतो तो मोबाइल नंबर. इंटमध्ये जास्तीत जास्त २१४७४८३६४७ मावतं आणि आपले दहा आकडी नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात. मावणार कसा? लाँग वापरलं तर मावतो, पण माझं म्हणणं ऐकाल तर मोबाइल नंबर आणि पिनकोड स्ट्रिंगमध्येच ठेवा. त्यांची कधी बेरीज करायची नसते.

आणि एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. पार्सइंटला देवनागरी आकडे समजतात. '४४००३३' असा देवनागरीत लिहिलेला मजकूर द्या, बरोबर तोच आकडा परत मिळेल. पहिल्यांदा मी हे वर्गात करून दाखवलं तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उठून पुढे आली आणि तिने स्वतःच्या हाताने पुन्हा करून पाहिलं. तिच्या आजोबांना मराठी आकडेच टाइप करता येत होते.

एक्सेप्शन आलं नाही म्हणजे उत्तर बरोबर, असं समजायचं का?

मुळीच नाही. या पानावरचा एकच प्रश्न नीट वाचणार असाल तर हा वाचा.

नागपूरचा एसटीडी कोड ०७१२. तो पार्सइंटला दिलात तर ७१२ मिळेल, पुढचं शून्य गळालं. तोच आकडा कोडमध्ये थेट इंटला दिलात तर छापताना ४५८ येतील! कारण जावात शून्याने सुरू होणारी संख्या अष्टमान पद्धतीची मानली जाते. सात चौसष्टे ४४८, एक आठे ८ आणि २, झाले ४५८. ना एरर, ना एक्सेप्शन.

इंटमध्ये ५०,००० गुणिले ५०,००० करून बघा. उत्तर उणे १७९४९६७२९६ येतं, गुपचूप. जावा ८ पासून मॅथ क्लासमध्ये अ‍ॅडएक्झॅक्ट आणि मल्टिप्लायएक्झॅक्ट आहेत. आकडा मावला नाही तर ते एक्सेप्शन फेकतात. हिशोबाच्या कामात ते वापरा.

इंटऐवजी डबल (दशांश संख्या) घेऊन शून्याने भागलंत तर एक्सेप्शन येतच नाही. 'इन्फिनिटी' येतं, आणि शून्य भागिले शून्य केलं तर 'एनएएन', म्हणजे 'ही संख्याच नाही'. मग हा एनएएन पुढच्या प्रत्येक बेरजेत शिरतो आणि महिनाअखेरच्या बेरजेत जाऊन दिसतो.

आकडा न मावण्याची मोठी किंमत युरोपने मोजली आहे. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झालं. प्रोग्राम एडा भाषेतला होता आणि त्याचा भाग आधीच्या एरियान ४ वरून घेतलेला. आडव्या वेगाशी संबंधित एक ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवायची होती. तिथे ३२७६७ च्या वर काही मावत नाही. नवं रॉकेट जास्त वेगवान होतं, आकडा मावला नाही, एक्सेप्शन आलं, आणि ते झेलायची सोय त्या जागी केलेली नव्हती. दिशा सांगणारी यंत्रणा बंद पडली, तिच्या जोडीची राखीव यंत्रणाही त्याच कारणाने बंद पडली. जावात हेच रूपांतर शॉर्टमध्ये (१६ बिटांचा पूर्णांक) कास्ट करून, म्हणजे जबरदस्तीने प्रकार बदलून, केलंत तर एक्सेप्शनसुद्धा येत नाही, नुसता चुकीचा आकडा मिळतो. कास्ट लिहिताना हात जरा थांबवा.

फायनली कशासाठी?

फायनली हा ट्राय-कॅचच्या शेवटी लिहायचा भाग. एक्सेप्शन येवो न येवो, मधेच रिटर्न असो, फायनलीतलं काम होतं. फाइल किंवा जोडणी बंद करण्यासाठी ते वापरत. सिस्टिम एक्झिट बोलावलं तर मात्र ते चालत नाही. फायनलीत रिटर्न कधीही लिहू नका, आलेलं एक्सेप्शन त्यात हरवून जातं. जावा ७ मध्ये, २०११ साली, ट्राय-विथ-रिसोर्सेस आलं. ट्रायच्या पुढच्या कंसात फाइल उघडा, बंद करायचं काम जावा स्वतः करतं. नवीन कोडमध्ये हेच लिहा.

फायनल, फायनली, फायनलाइझ? व्हायवाला विचारतात.

फायनल म्हणजे बदल नको. फायनली वर सांगितलं. फायनलाइझ ही ऑब्जेक्ट क्लासची जुनी मेथड, जावा ९ पासून वापरू नका असं अधिकृतपणे सांगितलं आहे.

फाइल समोर दिसते आहे, तरी सापडत नाही म्हणतं!

दोन गोष्टी तपासा. विंडोज फाइलचं शेपूट लपवतं, त्यामुळे नोटपॅडमध्ये नाव देताना 'डॉट टीएक्सटी' तुम्ही लिहिलंत आणि विंडोजनेही जोडलं, असं दोनदा झालेलं असतं. दुसरं, एक्लिप्स (आपण कोड लिहितो तो एडिटर) फाइल प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरमध्ये शोधतं आणि तुम्ही ती एसआरसी या कोडच्या फोल्डरमध्ये ठेवलेली असते.

स्वतःचं एक्सेप्शन कधी बनवावं?

जावाकडे योग्य नाव नसेल तेव्हा. वजन उणे आलं तर इल्लीगल-आर्ग्युमेंट एक्सेप्शन आहेच, नवीन कशाला? पण 'पेटी आधीच विकली गेली आहे' ही आपल्या धंद्यातली अडचण आहे, तिला आपलं नाव द्या. एक्सेप्शन क्लासला एक्स्टेंड करा, कन्स्ट्रक्टरमध्ये संदेश सुपरला द्या, झालं. संदेशात पेटीचा क्रमांक जरूर घाला. दुसरं एक्सेप्शन झेलून आपलं फेकत असाल तर मूळ एक्सेप्शनही सुपरला द्या, नाही तर 'कॉज्ड बाय' ची ओळ दिसणार नाही. क्लासचं नाव देवनागरीत ठेवलं तरी जावाला चालतं. नोकरीच्या ठिकाणी मात्र नावं इंग्रजीतच ठेवतात, म्हणून सवय तीच असू द्या.

घरी सराव कशाचा करू?

स्वतःचा चालणारा प्रोग्राम मुद्दाम मोडा. पेट्यांच्या हिशोबाचाच घ्या. पेट्या शून्य टाका, उणे टाका, 'दहा' असं अक्षरात टाका, नुसतं एंटर दाबा, मोबाइल नंबर टाका, वाचायच्या फाइलचं नाव बदलून ठेवा. दर वेळी आलेली पहिली ओळ वहीत उतरवा आणि शेजारी आपल्या मराठीत तिचा अर्थ लिहा. आणि ज्या ज्या वेळी प्रोग्रामने काहीच तक्रार न करता आकडा छापला, तिथे कागदावर हिशोब करून ताडून पाहा. ती वही शनिवारी वर्गात घेऊन या, आपण मिळून वाचू.